गाडी ओढते की थरथरते? अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग यांतला फरक

गेल्या उन्हाळ्यात परभणीहून जालन्याकडे येताना मंठ्याजवळ पुढचं डावं चाक बसलं. पंक्चरवाल्या मामांनी ते खोललं, पालथं केलं आणि मला हाक मारली, "दादा, इकडं या. बाहेरून नवं, आतून गोटा." खरंच, बाहेरच्या अंगाची नक्षी शाबूत होती आणि आतल्या कडेला दोन बोटं रुंद पट्टा इतका झिजला होता की तारा दिसत होत्या. टायर टाकून वर्षही झालं नव्हतं. "मामा, टायर टाकले तेव्हाच अलाइनमेंट करून घेतली होती," मी ठासून सांगितलं. घरी येऊन बिल काढलं. त्यावर फक्त बॅलन्सिंग होतं, चार चाकांचं.

आपल्याकडे 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' हा शब्द चहापाण्यासारखा एका दमात येतो, म्हणून दोन्ही मिळून एकच काम असावं असं वाटतं. पण एकाचा संबंध चाक कोणत्या दिशेला आणि किती कलून उभं आहे याच्याशी आहे, तर दुसऱ्याचा चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का याच्याशी. एक केल्याने दुसरं होत नाही.

आधी अलाइनमेंट. यात टायर खाणारा मुख्य कोन म्हणजे टो. समोरची दोन चाकं वरून पाहिली तर एकमेकांना समांतर हवीत, कंपनीने ठरवून दिलेला किंचित फरक धरून. ती आत वळलेली असली किंवा बाहेर फाकलेली असली तर टायर सरळ लोळत नाही, लोळता लोळता आडवं घासतं. औताला जुंपलेले दोन बैल एकमेकांवर रेलून चालले तर तास सरळच पडतं, पण बैलांच्या माना सोलतात. गाडीचंही तसंच. दोन्ही चाकं सारखीच चुकलेली असतील तर गाडी नाकासमोर जाते, स्टिअरिंगला काही जाणवत नाही आणि टायर मात्र गुपचूप झिजत राहतात. माझं तेच झालं होतं. एका चाकाचा कोन अंशाच्या दहाव्या भागाने जरी चुकला, तरी ते किलोमीटरमागे पावणेदोन मीटर आडवं घासतं. म्हणजे संभाजीनगरहून जालन्याला, साठेक किलोमीटर जाईपर्यंत, शंभर मीटरच्या वर.

हे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं. गाडी उभी करून, टायर गार असताना, तळहात नक्षीवरून आडवा फिरवा: एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. टो चुकलेला असेल तर एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट जाताना करवतीच्या दात्यांसारखं बोटांना अडतं. झिजलेल्या टायरला तार निघालेली असते, म्हणून हात हलका ठेवा.

दुसरा कोन कँबर, म्हणजे समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर किती झुकलंय ते. एकाच टायरची एकच कड खाल्ली गेली असेल तर याच्यावर संशय घ्यावा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो फिरवून जुळवायची सोय नसते, म्हणून कँबर बिघडला की सहसा काहीतरी वाकलेलं किंवा सैल झालेलं निघतं. कॅस्टर हा तिसरा कोन टायर फारसा खात नाही, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याशी त्याचा संबंध आहे.

आता बॅलन्सिंग. टायर आणि रिम मिळून एका बाजूला काही ग्रॅम जड असतं. उभ्या गाडीत त्याचा पत्ता लागत नाही. पण ताशी शंभरच्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला पंधराएक फेऱ्या घेतं, आणि तेव्हा रिमच्या कडेवरचे तीस ग्रॅम जवळपास पाच किलोच्या जोराने चाकाला दर फेरीत हिसका देतात. पन्नासच्या वेगाला हाच जोर चौथाई होतो. म्हणून गावातल्या रस्त्यावर गाडी गुणी असते आणि समृद्धीवर चढून ऐंशी-नव्वद ओलांडलं की स्टिअरिंग थरथरायला लागतं. पुढच्या चाकाचा दोष असेल तर थरथर हाताला येते, मागच्याचा असेल तर सीटला. टायरवर याची खूण सलग पट्टा म्हणून दिसत नाही. जागोजागी वाटीसारखे खोलगट चट्टे पडतात. शॉकअप गेलेले असले तरी असेच चट्टे पडतात, तेव्हा तेही पाहून घ्या. इलाज साधा: मशिनवर चाक फिरवून हलक्या जागी रिमला वजनं लावतात.

आपल्या भागातली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. पावसाळ्यात शेताच्या वाटेने गाडी नेली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून दगड होते. दुसऱ्या दिवशी हायवेला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस दुकान गाठतो. आधी चाकं आतून पाण्याच्या धारेने धुवा. थरथर गेली तर पैसे वाचले. हीच काळी माती भिजून फुगते, सुकून आकसते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्यात उसाच्या हंगामातल्या ट्रॉल्यांनी कडा खचतात. अशा रस्त्यावर चाक जोरात आदळलं की टो हलू शकतो. म्हणून मोठा खड्डा जोरात बसल्यावर अलाइनमेंट तपासावी, किलोमीटर भरायची वाट पाहू नये. टाय रॉड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत पोचवणारा दांडा) किंवा सस्पेन्शनचं काम झाल्यावरही तेच. बॅलन्सिंग मात्र नवं टायर चढवताना किंवा टायर रिमवरून उतरवलं की लागतं.

गाडी एका बाजूला ओढते म्हणजे अलाइनमेंटच गेली, असंही लगेच धरू नका. एका टायरात हवा कमी असली किंवा एक ब्रेक चिकटत असला तरी ती ओढते. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरता असतो, तेव्हा किंचित डावीकडे जाणं हा दोषच नाही. आणि टायर मधोमध झिजलं असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजलं असेल तर हवा कमी. यात दोन्ही मशिनींचं काम नाही. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासावी. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या टायरात आकडा जास्तच दिसतो आणि तो पाहून हवा सोडली की गार झाल्यावर कमी पडते.

दुकानात गेल्यावर क्रम सांभाळा: हवा, मग बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो गोळ्याचा सांधा) आणि टाय रॉडचं सैलपण, मग बॅलन्सिंग, शेवटी अलाइनमेंट. जॉइंट सैल असताना जुळवलेला कोन पहिल्या गतिरोधकावर पुन्हा हलतो. कॉम्प्युटरची अलाइनमेंट असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा आणि तो कागद बिलाला टाचून ठेवा. आता मी तोच कागद गाडीत ठेवतो, आणि पंक्चरच्या निमित्ताने चाक उतरलं की आतली कड आधी पाहतो.