महाडीबीटीचा अर्ज कुठं अडलाय? हेलपाटे घालण्याआधी एवढं बघा

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि पैसे आले नाहीत, की घरातले आधी बँकेत जातात. बहुतेक वेळा अडचण बँकेत नसतेच, कारण अर्ज तिथवर पोचलेलाच नसतो. अर्ज सध्या कोणाच्या टेबलावर आहे हे आधी पोर्टलवर बघायचं आणि त्याच टेबलाकडे जायचं.

लॉगिन करून ‘माय अप्लाइड स्कीम’ उघडा. तिथं अर्जाचा क्रमांक आणि सध्याची स्थिती दिसते. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. कोणत्याही खिडकीवर पहिला प्रश्न तोच येतो. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, त्यानंतर विभागाकडे. प्राचार्यांची मंजुरी होईपर्यंत विभागाला त्यावर काहीही करता येत नाही. त्यामुळे ‘इन्स्टिट्यूट’ पातळीवर ‘पेंडिंग’ असेल, तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाशिवाय दुसरीकडे जाऊन उपयोग नाही. तिथं कागदांच्या प्रती जमा करायच्या राहिल्यात का, हेही विचारा. ऑनलाइन अर्ज केला म्हणजे झालं, असं समजून बरेच जण प्रती देतच नाहीत.

क्लार्क म्हणाला, ‘तुझा अर्ज आमच्याकडे दिसतच नाही,’ तर अर्जातलं कॉलेज आणि अभ्यासक्रम पुन्हा वाचा. एकाच संस्थेची मिळत्याजुळत्या नावाची दोन कॉलेजं असतात, एकाच कोर्सची अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडी असते. यादीत बोट एक ओळ खाली पडलं तरी अर्ज भलत्याच लॉगिनला जातो.

‘सेंट बॅक’ दिसलं तर घाबरू नका, पण उशीरही करू नका. अर्ज नामंजूर झालेला नसतो, दुरुस्तीसाठी परत आलेला असतो. शेरा उघडून वाचा, तेवढीच दुरुस्ती करा आणि पुन्हा ‘सबमिट’ करा. ही शेवटची पायरीच राहून जाते आणि मुदत संपते. परत येण्याची नेहमीची कारणं ठरलेली आहेत: तहसीलदारांचा उत्पन्न दाखला त्या वर्षाचा नसणं, फाइल वाचता न येणं, कॅपचं (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर किंवा फीची पावती नसणं, शिक्षणात खंड असून गॅप सर्टिफिकेट नसणं. फाइल १५ ते २५६ केबीमध्येच बसवायची असल्यामुळे लोक फोटो इतका दाबतात की दाखल्यावरचा बारकोड पुसट होतो. मोबाइलवर पूर्ण मोठं करून स्वतःला वाचता येतंय का, ते आधी बघा.

कॉलेजकडून अर्ज पुढं गेला असेल तर कार्यालय योजनेनुसार बदलतं. अनुसूचित जातीच्या मुलांची भारत सरकार शिष्यवृत्ती (उत्पन्न मर्यादा २.५ लाख) समाजकल्याणकडे, म्हणजे कोल्हापुरात विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात. बीए, बीकॉम, बीएस्सीला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती (मर्यादा ८ लाख) असेल, तर उच्च शिक्षण सहसंचालकांचं विभागीय कार्यालय कोल्हापुरातच आहे. पण इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, फार्मसीचा अर्ज तंत्रशिक्षणाच्या पुणे विभागाकडे जातो. वसतिगृहांची जननी म्हणवणाऱ्या गावातल्या पोरांना शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेसाठी पुण्याकडे बघावं लागतं, ही गंमतच. तिथं स्वतः जाण्यापेक्षा कॉलेजमार्फत विचारणा केलेली बरी.

आता बँक. अर्ज ‘अप्रूव्हड’ आहे, बिल निघालंय, तरी पैसे नाहीत, अशा वेळी आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. पासबुकाला आधार जोडलेलं असणं आणि डीबीटीसाठी सीडिंग असणं, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. सीडिंग एका वेळी एकाच बँकेला राहतं; शेवटी जिथं संमती दिली तिथं पैसे जातात. सिमकार्ड घेताना उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात रक्कम पडून असल्याचं अनेकांना फार उशिरा कळतं. पतसंस्थेतलं बचत खातं यासाठी चालत नाही. बँकेत गेल्यावर ‘आधार लिंक करा’ एवढंच म्हणू नका, ‘एनपीसीआय सीडिंगचा फॉर्म द्या’ असं स्पष्ट सांगा; ही नोंद एनपीसीआय या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेकडे असते. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. खातं बंद किंवा व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय असेल तर सीडिंग असूनही रक्कम परत जाते.

महाडीबीटी पोर्टलवर ‘रिडीम’चा (मंजूर रक्कम खात्यात मागवण्याचा) पर्याय दिसत असेल तर तो लगेच वापरा. पीएफएमएस या केंद्र सरकारच्या पेमेंटच्या वेबसाइटवरच्या ‘नो युवर पेमेंट्स’मध्ये बँक आणि खाते क्रमांक टाकूनही रक्कम निघाली का ते कळतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. दोन वाटे वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळे कमी रक्कम दिसली म्हणून लगेच तक्रार करू नका. आधी पासबुक भरून घ्या आणि फी भरल्याची पावती जपून ठेवा.