कीफर रावेना, एक स्कूप पावडर आणि उलटी फिरलेली मोटर

जिममध्ये शेकर हलवत उभ्या असलेल्या कुणालाही विचारा की बाबा रे, ह्या प्री-वर्कआऊटमध्ये, म्हणजे व्यायामाआधी प्यायच्या पावडरमध्ये, नक्की आहे तरी काय, हमखास उत्तर येतं, "नॅचरल आहे रे, हर्बल, स्टेरॉइड थोडंच आहे!" हे ऐकलं की मला कीफर रावेना आठवतो. आपल्याकडे हे नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही, क्रिकेट सोडून आपण बघतो काय म्हणा, पण फिलिपिन्समध्ये बास्केटबॉलचं वेड आपल्या क्रिकेटला टक्कर देईल असलं आहे. १९५४ च्या जागतिक स्पर्धेत ह्या देशानं ब्रॉन्झ घेतलं होतं आणि १९७५ मध्ये आशियातली पहिली प्रोफेशनल लीग, पीबीए, तिथेच सुरू झाली.

कीफरचा जन्म १९९३ चा. वडील बाँग रावेना स्वतः पीबीएमध्ये खेळलेले, आई मोझी व्हॉलीबॉलची खेळाडू, धाकटा भाऊ थर्डी पण बास्केटबॉलवाला, बहीण डॅनी व्हॉलीबॉलवाली. म्हणजे घरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय निघत असेल असं वाटत नाही. मनिलाच्या अतेनेओ विद्यापीठाकडून खेळताना त्यानं २०११ आणि २०१२ ची अजिंक्यपदं जिंकली, मग २०१४ आणि २०१५ ला सलग दोन वर्षं कॉलेज लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. खेळतो तो गार्ड म्हणून, गार्ड म्हणजे बॉल पुढे घेऊन जाणारा, खेळ रचणारा, संघाचं डोकं म्हणा हवं तर. २०१७ च्या पीबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, एनलेक्स संघानं त्याला दुसऱ्या नंबरवर उचललं आणि सगळं अगदी सुतासारखं सरळ चाललं होतं.

२५ फेब्रुवारी २०१८ ला मनिलाच्या मॉल ऑफ एशिया अरेनात वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत फिलिपिन्सनं जपानला ८९–८४ असं हरवलं. मॅचनंतर डोप टेस्ट झाली. मे महिन्यात निकाल जाहीर झाला तेव्हा रावेनाच्या नमुन्यात एक नाही, तीन पदार्थ सापडले होते: ४-मिथाइलहेक्सान-२-अमीन, १,३-डायमिथाइलब्युटिलअमीन आणि हायजेनामाइन. कुठलं इंजेक्शन नाही, अंधाऱ्या खोलीतला डॉक्टर नाही, एक प्री-वर्कआऊट ड्रिंक, बस. फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, १८ महिन्यांची बंदी घातली. वयाच्या चोविसाव्या वर्षी, करिअर कुठे जरा रंगात येतंय तेव्हा.

आता ह्या तिघांची ओळख करून घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

पहिल्याला सोप्या भाषेत डीएमएए म्हणतात. हा काही आजकालचा प्राणी नाही, १९४० च्या दशकात एली लिली कंपनीनं तो चोंदलेलं नाक मोकळं करायला बनवला, फोर्थेन नावाच्या इनहेलरमध्ये, आणि १९८३ मध्ये स्वतःच बाजारातून काढून घेतला. मग २००६ च्या सुमारास तोच रेणू सप्लिमेंटच्या डब्यात परत आला, ह्या वेळेस "जिरेनियमच्या तेलातला नैसर्गिक घटक" अशी पाटी लावून. आधार काय, तर १९९६ चा एक चिनी शोधनिबंध. नंतर बऱ्याच लॅबनी जिरेनियम तपासलं, बहुतेकांना तो सापडलाच नाही, ज्यांना सापडला त्यांना इतका नगण्य की एका स्कूपपुरता मिळवायला किती तेल आटवावं लागेल ह्याचा विचार केला तरी हसू येतं. डब्यातला माल कारखान्यातलाच होता, झाड फक्त लेबलवर होतं.

आणि समजा, समजा खरंच झाडातून काढला असता, तर? काहीच फरक नाही! रेणूला स्वतःचं गाव आठवत नाही. शरीरातल्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, फक्त आकार आणि विद्युतभार कळतो, हा पानातून आला की पाइपलाइनमधून हे बघायला तिथे कुणी बसलेलं नाही. धोतऱ्याचं बी नैसर्गिकच असतं, आणि ते पोरांनी खाल्लं तर काय होतं हे गावाकडच्या कुणालाही विचारा.

बरं, हा डीएमएए करतो काय? इथे जरा बूड टेकून बसा, हा माझा आवडता भाग आहे.

आपल्या शरीरात "पळ किंवा लढ" वाली जी मज्जासंस्था आहे, सिम्पथेटिक म्हणतात ती, तिच्या नसांच्या टोकाला नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन बारीक बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं. मेंदूकडून इशारा आला, की नसेच्या टोकात कॅल्शियम शिरतं, पिशव्या बाहेरच्या पडद्याला चिकटून फुटतात, नॉरअॅड्रेनलिन समोरच्या फटीत सांडतं आणि पलीकडच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. काम झालं की ते तिथेच पडून राहिलं तर पंचाईत, म्हणून नसेच्याच पडद्यावर एक प्रथिन असतं, नॉरअॅड्रेनलिन ट्रान्सपोर्टर, थोडक्यात नेट. हे नेट सोडियमच्या जोरावर सांडलेलं नॉरअॅड्रेनलिन परत आत ओढतं आणि आत गेलेलं पुन्हा पिशव्यांमध्ये भरलं जातं. एकदम काटकसरी संसार.

आता अॅम्फेटामाइनच्या जातीचे रेणू इथे घोळ घालतात. त्यांचा आकार इतपत जुळतो की नेट त्यांना आपलाच माणूस समजून आत घेतं. आत गेल्यावर ते पिशव्यांमधलं नॉरअॅड्रेनलिन बाहेर पेशीरसात गळायला लावतात, आणि आत साठा वाढला की नेट चक्क उलटं चालायला लागतं. सोसायटीतली हौदातून टाकीत पाणी चढवणारी मोटर उलटी फिरून टाकीच रिकामी करायला लागली तर कसं, तसं. मेंदूनं कुठलाही इशारा दिलेला नाही, कॅल्शियम शिरलेलं नाही, पिशवी फुटलेली नाही, तरीपण फटीत नॉरअॅड्रेनलिनचा पूर! डीएमएएच्या बाबतीत ह्यातली प्रत्येक पायरी अॅम्फेटामाइनइतकी बारकाईनं तपासली गेलेली नाही, त्याच्याकडे अॅम्फेटामाइनसारखी बेंझीनची कडी पण नाही, नुसतीच कार्बनची छोटी साखळी आहे, पण काम ह्याच जातीचं.

पुढचं सगळं रिसेप्टरवर ठरतं. रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-१ रिसेप्टर जागे झाले की वाहिन्या आवळतात. नाकात फवारलं तर सुजलेल्या वाहिन्या आकसून नाक मोकळं, म्हणून तर ते इनहेलर होतं. पण तेच पाण्यात ढवळून प्यायलात तर रेणू नाकापुरता थांबत नाही, अंगभर जातो, आणि अंगभर वाहिन्या आवळल्या की ब्लड प्रेशर वर. भरीला डब्यात कॅफीन असतंच. वर भर उन्हात किंवा दमून पळताय. थकवा ही शरीरानं लावलेली कटकट नाहीये, तो ब्रेक आहे, आणि असले रेणू ब्रेक दुरुस्त करत नाहीत, तो लागल्याचं तुम्हाला कळू देत नाहीत. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये एक धावपटू फिनिश लाइनच्या थोडंच अलीकडे कोसळून गेली, तिच्या मृत्यूच्या चौकशीत डीएमएएचं नाव आलं.

तिसरा पाहुणा हायजेनामाइन, तो नेटबिट असल्या मध्यस्थांच्या भानगडीत पडतच नाही. त्याच्या अंगावर अॅड्रेनलिनसारखीच कॅटेकोलची कडी आहे, त्यामुळे तो थेट बीटा रिसेप्टरवर जाऊन बसतो. मग आतल्या बाजूचं जी-एस प्रथिन सुटतं, ते अॅडेनिलिल सायक्लेज ह्या एन्झाइमला चालू करतं, ते एटीपीपासून, म्हणजे पेशीच्या इंधनापासून, सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या बनवतं, सायक्लिक एएमपी प्रोटीन कायनेज-ए ला जागं करतं, आणि तो पुढे दिसेल त्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवत सुटतो. फुप्फुसातल्या नळ्यांच्या स्नायूंमध्ये ह्या साखळीचा शेवट म्हणजे स्नायू सैल, श्वास मोकळा. हृदयात ह्याच साखळीचा शेवट म्हणजे ठोके जोरात. एकच निरोप, पण घर बदललं की अर्थ बदलतो! इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा की दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल जी बेल वाजवतं तीच हे वाजवतं. आणि एक भन्नाट गोष्ट, ह्याच रेणूचं दुसरं नाव नॉरकोक्लॉरिन, अफूच्या झाडात मॉर्फिन बनण्याच्या वाटेवरचा हा अगदी सुरुवातीचा टप्पा आहे. म्हणजे हायजेनामाइन खरंच नैसर्गिक आहे हो, शंभर टक्के. मग?

ह्यावरून एक मोठं प्रकरण आधीच होऊन गेलं होतं. २०१६ मध्ये लिव्हरपूलचा फुटबॉलर ममादू साको ह्याच हायजेनामाइनवर अडकला, पण तेव्हा वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, यादीत हे नाव स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं, युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं, त्याला सोडलं, आणि पुढे २०२० मध्ये वाडाला त्याची माफी मागून भरपाई द्यावी लागली. २०१७ च्या यादीत मात्र हायजेनामाइन नावानिशी आलं, बीटा-२ अॅगोनिस्ट म्हणजे बीटा-२ रिसेप्टर चालू करणाऱ्या पदार्थांच्या गटात, स्पर्धा असो नसो कायम बंद. रावेनाची टेस्ट फेब्रुवारी २०१८ ची. साकोनं वापरलेली पळवाट तोपर्यंत बुजली होती.

मधला राहिला, डीएमबीए. ह्याचं रसायनशास्त्र दोन ओळींत संपतं. डीएमएए म्हणजे सी-७ एच-१७ एन, डीएमबीए म्हणजे सी-६ एच-१५ एन. एक कार्बन आणि दोन हायड्रोजन कमी, बास. अमेरिकेत एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, डीएमएएच्या मागे हात धुवून लागायला सुरुवात केली, आणि थोड्याच काळात हा धाकटा भाऊ "एएमपी सिट्रेट" असल्या साळसूद नावानं डब्यांवर दिसायला लागला. एका रेणूवर बंदी आली की साखळीतला एक मणी काढायचा आणि नवीन लेबल छापायचं, हा धंदा असाच चालतो.

जाता जाता, पावडर प्यायल्यावर कानामागे, हातांना मुंग्या येतात ना, आणि लोक म्हणतात "आली बघ किक"? त्या मुंग्या बहुतेक वेळा बीटा-अॅलनिनच्या असतात, ते त्वचेतल्या काही नसांवरचे रिसेप्टर चाळवतं. ताकदीशी त्या मुंग्यांचा काडीचा संबंध नाही, पण अंगाला काहीतरी जाणवल्याशिवाय आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही, त्याला कोण काय करणार. (बीटा-अॅलनिनवर बंदी नाहीये, उगाच घाबरू नका.)

बरं, मॅचच्या आधी थोडे दिवस बंद केलं तर सुटता येत नाही का? डीएमएएसारखी उत्तेजकं फक्त स्पर्धेच्या काळात बंद असतात, त्यामुळे हा हिशेब बरेच जण करतात. तर शाळेतलं गणित करून बघू. डीएमएएचा अर्धायुकाल, म्हणजे अंगातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण साडेआठ तास. २५ मिलिग्रॅम घेतलं, तर एका दिवसात जवळजवळ तीन अर्धायुकाल होतात, म्हणजे उरलं साधारण साडेतीन मिलिग्रॅम. दोन दिवसांनी अर्धा मिलिग्रॅम. तीन दिवसांनी सत्तर मायक्रोग्रॅम वगैरे. आपल्याला वाटतं गेलं, पण लॅबमधला मास स्पेक्ट्रोमीटर रेणू फोडून त्याचे तुकडे वजनानं ओळखतो आणि लघवीच्या एका मिलिलिटरमधले नॅनोग्रॅम मोजतो, नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. किक उतरून दोन दिवस झाले तरी पावती शिल्लक असते.

आपल्याकडे पण ह्याच डीएमएएनं धुमाकूळ घातला होता. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर भारताचे कुस्तीगीर, जलतरणपटू ह्याच पदार्थावर पॉझिटिव्ह निघाले, आणि प्रत्यक्ष स्पर्धेत नायजेरियाच्या ओलुदामोला ओसायोमीचं महिलांच्या १०० मीटरचं सुवर्ण ह्याच रेणूनं काढून घेतलं. नियम कडक आहे, शरीरात सापडलं की जबाबदार खेळाडूच, डब्यावर काय छापलं होतं किंवा कोणी काय सांगितलं ह्यावर शिक्षा कमी-जास्त होईल, गुन्हा पुसला जात नाही. मला हा नियम क्रूर वाटतो, पण दुसरा कुठला ठेवणार? "मला माहीत नव्हतं" हे यंत्रानं मोजता येत नाही.

रावेनाची बंदी २४ ऑगस्ट २०१९ ला संपली. वर्ल्ड कप ३१ ऑगस्टला चीनमध्ये सुरू झाला. एका आठवड्याचं अंतर, पण तो संघात नव्हता, आणि फिलिपिन्स पाचही मॅच हरून ३२ संघांत शेवटचं आलं. एकट्या गार्डनं ते चित्र बदललं असतं असं काही नाही. नंतर तो एनलेक्सकडे परतला, २०२१ मध्ये जपानच्या बी.लीगमध्ये शिगा संघाकडे गेला, तिथून २०२४ मध्ये योकोहामाकडे. मधे २०२३ च्या वर्ल्ड कपचं यजमानपद फिलिपिन्सकडे जपान आणि इंडोनेशियासोबत होतं, त्यात तो संघात होता, आणि फिलिपिन्सनं चीनला ९६–७५ असं धुतलं.

हायजेनामाइनचं एक शेपूट मात्र आपल्या अंगणापर्यंत येतं. २०१७ ला वाडानं ते यादीत घातलं तेव्हा ज्या वनस्पतीचं नाव घेतलं ती टिनोस्पोरा क्रिस्पा. फिलिपिन्समध्ये तिला मकाबुहाय म्हणतात, गावोगावी औषधात वापरतात. आणि आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, तिची सख्खी बहीण. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले, आणि ह्या दोन वेलींची गल्लत होऊ शकते म्हणून आयुष मंत्रालयाला २०२२ मध्ये खुलासा करावा लागला. क्रिस्पाचं खोड करडं, त्यावर गाठीगाठी, फुलाला पाकळ्या तीन. आपल्या गुळवेलीच्या हिरवट खोडावर तशा गाठी नाहीत, पाकळ्या सहा. वेल समोर असेल तर हे बघता येतं. चूर्ण करून बाटलीत भरलं, की गाठी पण गेल्या आणि पाकळ्या पण, आणि डोप टेस्ट देणाऱ्या पोरानं ते कशाच्या भरवशावर प्यायचं ह्याला माझ्याकडे तरी उत्तर नाही.