केटल ग्रिलवर धुरावलेली अख्खी टर्की

झाकणवाल्या गोल कोळशाच्या ग्रिलमध्ये निखारे कडेला आणि टर्की, म्हणजे कोंबडीपेक्षा बराच मोठा पक्षी, मधोमध ठेवून, लाकडाच्या धुरात तीन-चार तास सावकाश शिजवायची ही अमेरिकन पद्धत. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्या दिवशी घरातला ओव्हन बाकीच्या पदार्थांनी अडकलेला असतो म्हणून बरेच जण टर्की अंगणात काढतात, आणि एकदा ती चव लागली की मग ओव्हनमधली टर्की मिळमिळीत वाटायला लागते. आपल्याकडे वाटीत निखारा ठेवून, वर तूप सोडून, भांड्यावर झाकण दाबून धुंगार देतात ना, त्याच जातीचा वास, फक्त धुंगार शिजलेल्या पदार्थाला पाच मिनिटं देतात आणि इथं शिजणं आणि धुरावणं एकदमच चालतं.

केटल ग्रिल 1952 सालचं. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस काम करायचा, तिथं पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी धातूचे गोळे बनत. उघड्या चुलीवर वारा आणि पाऊस त्याला फार छळायचे, म्हणून त्याने तसल्याच गोळ्याचा खालचा अर्धा भाग शेगडी केला आणि वरचा झाकण. सगळी करामत त्या झाकणात आहे. खाली हवा आत घ्यायची भोकं, वर धूर बाहेर सोडायचं भोक, आणि या दोन्हींवरून आतला विस्तव तुमच्या हातात राहतो.

टर्की मूळची उत्तर अमेरिकेतली, मेक्सिकोच्या भागात माणसाळवलेली. भारतात ती पोर्तुगीजांच्या काळात पोचली, 1612 साली जहांगीरचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून त्याच्यासाठी जे अनोखे प्राणी-पक्षी नेले त्यात टर्की होती आणि दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेलं तिचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला पेरूच म्हणतात, आपल्या कानाला ते फळ वाटतं.

अख्ख्या टर्कीची खरी अडचण अशी की छाती आणि तंगडी एका वेळी शिजत नाहीत. छातीत चरबी नावालाच, जरा जास्त शिजली की भुसा होते, आणि तंगडीतल्या चिवट शिरा मऊ व्हायला जास्त उष्णता लागते. त्यात जीव मोठा. म्हणून केटलवर 12 ते 14 पाउंडांच्या, म्हणजे साडेपाच-सहा किलोंच्या वर जाऊच नये, मोठी टर्की झाकणाला टेकते आणि बाहेरून करपून आत कच्ची राहते. चौदा माणसं असली तर दोन लहान करा, खरंच सांगतो.

गोठवलेली असेल तर फ्रिजमध्ये दर 2 किलोमागे एक दिवस धरायचा, म्हणजे गुरुवारसाठी 12 पाउंडांची टर्की रविवारी तरी फ्रिजमध्ये उतरवली पाहिजे. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो, पोटात बर्फाचा गोळा तसाच राहतो. मग आदल्या दिवशी पुसून कोरडी करून सगळीकडून मीठ चोळायचं आणि उघडीच फ्रिजमध्ये ठेवायची, मीठ आत मुरतं आणि कातडी कागदासारखी सुकते, तीच पुढे कुरकुरीत होते. मिठाच्या पाण्यात बुडवणारेही पुष्कळ आहेत, पण बादलीभर पाणी फ्रिजमध्ये मावत नाही आणि कातडी ओली राहते, त्यामुळं कोरडं मीठच बरं. पाकिटावर आधीच मिठाचं पाणी टोचलंय असं लिहिलं असेल तर हात आखडता घ्या. पोटात स्टफिंग, म्हणजे सारण, भरू नका, ते शिजेपर्यंत छाती कोरडी पडते. अर्धा कांदा आणि थोडा पाला घातला तरी पुरे.

विस्तव चिमणीत, म्हणजे त्या पत्र्याच्या नळकांड्यात, कागद पेटवून करायचा. रॉकेलचा वास असलेला पातळ पदार्थ अजिबात ओतू नका, तो वास थेट मांसात जातो. कोळशावर करडी राख धरली की 22 इंची ग्रिलमध्ये दोन्ही बाजूंना साधारण 25-25 ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या, सारायचे, मधे पाणी घातलेला ट्रे, त्याच्या बरोबर वर टर्की, छाती वर करून. तंगड्यांची बाजू निखाऱ्यांच्या जरा जवळ आली तर उत्तम. जाळीच्या कडा वर उचलता येत असतील तर टर्की न हलवता तासाला सात-आठ कोळसे घालता येतात.

लाकूड सफरचंदाचं किंवा चेरीचं घ्यावं, हिकरी या अमेरिकन झाडाचं चालतं पण बेतानं, मेस्कीट या तिकडच्याच काटेरी झाडाचं पक्ष्यावर फार उग्र. मुठीएवढे तीन-चार तुकडे निखाऱ्यांवर ठेवले की झालं, पाण्यात भिजवायची गरज नाही, ते पाणी उडेपर्यंत नुसती वाफ निघते. दाट पांढरा धूर आला तर थांबा, तो कडू असतो, पातळ निळसर धूर दिसायला लागला की टर्की ठेवा. वरचं भोक उघडंच ठेवायचं आणि आच खालच्या भोकांनी सांभाळायची, वरचं बंद केलं की धूर आतच कोंडतो आणि कातडीवर काजळी बसते.

आतलं तापमान 300 ते 325 फॅरनहाइट म्हणजे 150-160 सेल्सिअस ठेवलं तर 12 पाउंडांची टर्की तीन-साडेतीन तासांत होते. 225 वर तासन्‌तास ठेवणारे आहेत, पण त्यात कातडी रबरासारखी चिवट होते. झाकण सारखं उघडून बघू नका, उघडलं की गरम हवा निघून जाते आणि ताजी हवा मिळून निखारे भडकतात, दोन्हीकडून नुकसान.

शिजली की नाही हे रंगावरून कळत नाही, धुराने कडेचं मांस गुलाबीच राहतं. थर्मामीटर छातीच्या आणि मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा, अमेरिकन कृषी खातं 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस सांगतं. मांडी 175 पर्यंत गेली तर जास्त मऊ लागते. मग अर्धा तास तशीच राहू द्यायची, लगेच कापली तर सगळा रस पाटावर वाहून जातो.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. आणि सांगाडा टाकू नका. तो मोठ्या पातेल्यात पाणी, आलं-लसूण आणि मिरे घालून मंद आचेवर दोन-तीन तास उकळायचा, त्या पाण्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून रस्सा केला तर पहिल्याच घोटाला लाकडाचा वास येतो, आमच्या घरी ती वाटी टर्कीच्या आधी संपते.