स्लॅग सिमेंट नेताय? हवा बघून पाणी मारा

"तीन दिवस झाले, प्लास्टर अजून नखाने खरवडतंय. माल जुना दिलात का?" थंडीत हा प्रश्न दुकानात हमखास येतो. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो, थंडी आडवी आलेली असते.

स्लॅग म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी, पाण्याने झटकन थंड करून बारीक दळलेली. स्लॅग सिमेंटमध्ये ती २५ ते ७० टक्के असते. साधं सिमेंट पाणी लागताच कामाला लागतं. स्लॅगला मात्र त्या सिमेंटमधून सुटणारा चुना लागतो, आणि ऊबही जास्त लागते. म्हणून धुळे-नंदुरबारकडे रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की मसाला पहिला आठवडा रेंगाळतो. ओला ठेवलात तर पुढे कसर भरून काढतो.

आयएस ४५५ या स्लॅग सिमेंटच्या भारतीय मानकाप्रमाणे ताकद ३ दिवसांना किमान १६, ७ दिवसांना २२ आणि २८ दिवसांना ३३ मेगापास्कल हवी. पण ही ताकद ज्या मसाल्याच्या ठोकळ्यांवर मोजतात, ते प्रयोगशाळेत २७ अंशांच्या आसपास पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. तुमची भिंत उघड्यावर आहे.

आता आपला मे महिना. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत मसाला भराभर कडक होतो आणि मिस्तरी खूश होतो. पण घाईत कणांभोवती घट्ट कवच बसतं, आतला भाग अर्धवट राहतो आणि २८ दिवसांची ताकद घटते. हा तोटा साध्या सिमेंटला जास्त, स्लॅगला कमी. त्यामुळे खान्देशच्या उन्हाला स्लॅग बरं, असं आमचं मत. अट एकच, ओल टिकली पाहिजे. कोरड्या वाऱ्याने पाणी ओढून घेतलं की स्लॅगचं काम तिथेच थांबतं आणि हात फिरवला तर भुकटी निघते.

उन्हाळ्यात विटा आधी भिजवा, वाळू सावलीत ठेवा, प्लास्टर सकाळी उरका, गोणपाट लावा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी मसाल्यात घालू नका. हिवाळ्यात मात्र तेच कोमट पाणी घ्या, दुपारपर्यंत काम आटपा आणि रात्री भिंतीवर प्लॅस्टिक सोडा. दोन्ही ऋतूंत पाणी किमान १० दिवस मारा, १४ जमले तर उत्तम.

ताजा तुकडा फोडल्यावर आत निळसर-हिरवी झाक दिसली तर घाबरू नका. ती स्लॅगचीच, हवा लागली की जाते.

थंडीत वायरिंगच्या खाचा लगेच मारायच्या असतील, तर गोणी घेतानाच सांगा. तेवढ्या कामाला आम्ही साधं ५३ ग्रेड सिमेंट देऊ.