मामाची साठी आणि आकाशातला लसावि

आमचा मामा १९६५ चा, तेव्हाचं संवत्सर विश्वावसु. २०२५ च्या गुढीपाडव्याला पंचांग उघडलं तर परत तेच नाव, आणि त्याच वर्षात त्याची साठीशांत झाली. पंगत उठल्यावर त्याच्या सहावीतल्या नातीने विचारलं, संवत्सरांची नावं ६०च का, ५० किंवा १०० का नाहीत? प्रश्न इतका भारी होता की ती आणि मी निमंत्रण पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडूनच बसलो.

आधी ६० चे विभाजक काढले. विभाजक नेहमी जोडीने येतात, एक सापडला की दुसरा फुकट मिळतो. १ × ६०, २ × ३०, ३ × २०, ४ × १५, ५ × १२, ६ × १०. सातने भाग जात नाही. आठवर आलो तर आठ आठे चौसष्ट, साठच्या पुढे गेलो, बस, थांबायचं. कारण ८ किंवा त्याहून मोठा विभाजक असलाच तर त्याचा जोडीदार ७ च्या आतलाच असणार आणि तिथवर आपण सगळं तपासलंय. पोरं बिचारी ५९ पर्यंत एकेक आकडा भागत बसतात, त्यांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

म्हणजे १२ विभाजक झाले, आणि ६० पेक्षा लहान कुठल्याच संख्येला इतके नाहीत. १०० एवढी मोठी, पण तिला ९च, त्यातही १० चा जोडीदार १०च. दिवसाच्या घटकाही ६०, मुहूर्त २ घटकांचा, ३० मुहूर्तांत दिवस बरोब्बर बसतो. प्रहर मात्र ८, आणि ८ ने ६० ला भाग जात नाही म्हणून प्रहर साडेसात घटकांचा.

आता संवत्सराकडे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण १२ वर्षं लागतात, शनीला साधारण ३०. दोघं परत एकदम सुरुवातीच्या जागी कधी येतील? हाच लसावि, म्हणजे दोन्ही पाढ्यांत येणारी सगळ्यात लहान संख्या. मोठ्या संख्येचा पाढा म्हणायचा आणि लहानने भाग जातो का बघायचं, ३० ला १२ ने जात नाही, ६० ला जातो, झालं. नात आधी १२ × ३० करून ३६० म्हणाली, तेही सामाईक विभाज्य आहेच पण सगळ्यात लहान नाही, दोघांचा मसावि, म्हणजे दोघांनाही भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या ६, दोनदा मोजला गेला, त्याने भागलं की ६०.

आणि मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. ६० वर्षांत गुरूच्या फेऱ्या ५, शनीच्या २, म्हणजे गुरू शनीला ३ वेळा गाठून पुढे जातो, मैदानावर जोरात पळणारा हळू पळणाऱ्याला गाठतो तसं, दर २० वर्षांनी. ५ × १२, २ × ३०, ३ × २०, पत्रिकेवरच्या तीन जोड्या थेट आकाशात!

खऱ्या फेऱ्या ११.८६ आणि २९.४६ वर्षांच्या आहेत, त्यामुळे जागा दरवेळी थोडी सरकते. तरी आपल्या पंचांगाच्या राशींनी बघा, १९६१ ची युती (म्हणजे हेच गाठणं) मकरेत, १९८१ ची कन्येत, २००० ची मेषेत आणि २१ डिसेंबर २०२० ची परत मकरेत. नातीने लगेच २०२० मध्ये ६० मिळवले आणि पत्रिकेच्या कोपऱ्यात २०८० लिहून त्याला गोल केला.