बोटीवर लागायचंय? सीडीसीच्या आधी काय काय लागतं

दहावी झाली, पासपोर्ट हातात आला, की मुलं थेट एजंटकडे जाऊन ‘सीडीसी काढून द्या’ म्हणतात. क्रम तिथेच उलटा होतो. सीडीसी हे खलाशाचं ओळखपत्र आणि सेवापुस्तक. ते मिळण्याआधी समुद्रात जीव कसा वाचवायचा, हे शिकून आल्याचे दाखले लागतात.

सुरुवात इंडोस नंबरपासून, म्हणजे खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतल्या आपल्या क्रमांकापासून. डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज केला की हा नंबर मिळतो आणि पुढे आयुष्यभर तोच चालतो. तो नसेल तर मान्यताप्राप्त संस्था कोर्सला घेत नाही. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावात. आपल्या दहावीच्या कागदावर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा, मधलं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर. नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे तंतोतंत जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

त्यानंतर एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारानुसारचे मूलभूत कोर्स: जीव वाचवण्याची तंत्रं, आगप्रतिबंध आणि अग्निशमन, प्राथमिक प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदाऱ्या, आणि जहाजाच्या सुरक्षेविषयीचा एसटीएसडीएसडी. यातला पहिला कोर्स नुसता वर्गात बसून होत नाही. लाइफ जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची, उलटा पडलेला लाइफराफ्ट (जीव वाचवण्याचा फुगवता तराफा) अंगावर जॅकेट असतानाच सरळ करायचा आणि त्यात चढायचं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-305 बार्ज बुडाला. नौदलाने त्यावरच्या 180 हून अधिक जणांना वाचवलं. त्यातले कितीतरी जण खवळलेल्या पाण्यात तासन्‌तास जॅकेटच्या आधाराने तगून होते. म्हणून ‘हजर न राहता सर्टिफिकेट’ देणाऱ्याच्या वाटेला जाऊच नका. पहिल्या दोन कोर्सच्या बाबतीत दर पाच वर्षांनी क्षमता पुन्हा सिद्ध करावी लागते.

वैद्यकीय तपासणी डीजी शिपिंगमान्य डॉक्टरकडूनच. प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, 18 वर्षांखालच्यांना एकच वर्ष. डेकवर काम करायचं असेल तर रंग ओळखता येणं महत्त्वाचं. रात्री समोरच्या जहाजाचा डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा दिवा पाहूनच ते कुठल्या दिशेला चाललंय हे कळतं. फीचे पैसे भरण्याआधीच डोळे तपासून घ्या, हा माझा आग्रह.

मग सीडीसीचा ऑनलाइन अर्ज: इंडोस नंबर, पासपोर्ट, दहावीची गुणपत्रिका, कोर्सचे दाखले, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो आणि सहीची प्रत. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईची शिपिंग मास्टर कार्यालयं सीडीसी देतात.

पण सीडीसी म्हणजे नोकरी नव्हे, आणि नेमकं हेच एजंट सांगत नाही. डेक किंवा इंजिनकडे कामगार म्हणून जायचं तर जीपी रेटिंगसारखा सहा महिन्यांचा कोर्स करावा लागतो. त्याला साधारणपणे वय साडेसतरा ते 25, दहावीला विज्ञान-गणित आणि इंग्रजीत 40 टक्के अशा अटी असतात.

भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांची भरती करण्याचा परवाना हवा. परवान्याचा नंबर डीजी शिपिंगच्या यादीत शोधा आणि तो आज चालू आहे की रद्द झालाय, तेही पाहा. भारताने 2015 मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून दिल्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय तपासणी, सीडीसी आणि पासपोर्टचा खर्च आपला, व्हिसाचा मात्र जहाजमालकाचा. ‘पर्यटक व्हिसावर दुबई गाठ, जहाज तिथे मिळेल’ असं कुणी म्हणालं तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका. सही केलेल्या नोकरी कराराची प्रत निघण्यापूर्वी घरी ठेवून जा. पगार थकला तर तक्रार करताना घरच्यांकडे दाखवायला तोच कागद असतो.