एका पल्समागची पार्श्वभूमी: उपग्रह, क्रिस्टल आणि सोलापूरची वीजवाहिनी

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका लयीत जोडली गेली. जीपीएस रिसीव्हरमधून वेळ जुळवण्यासाठी सेकंदाला एकदा येणारी विजेची पल्स ऑसिलोस्कोपवर का मोजायची, हे सोलापूरच्या विद्यार्थ्यांना सांगायला याहून जवळचं उदाहरण नाही. दूरदूरच्या सबस्टेशनांतल्या व्होल्टेजचे कोन ताडून पाहायचे, तर सगळीकडची घड्याळं जुळलेली हवीत, आणि ती या पल्सने जुळतात. ५० हर्ट्झला एक अंश म्हणजे सुमारे ५६ मायक्रोसेकंद. हे कोन मोजणारं उपकरण, पीएमयू (फेझर मेजरमेंट युनिट), १९८८ मध्ये अभियंते अरुण फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात घडवलं. आपल्याकडे हे नाव आणखी घेतलं जायला हवं.

पहिला जीपीएस उपग्रह १९७८ चा, पूर्ण यंत्रणा १९९५ ची. तेव्हा नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असे. पल्स शेकडो नॅनोसेकंदांनी मागेपुढे व्हायची. मे २००० मध्ये ती चूक काढली, तरी थोडी थरथर राहिलीच. घड्याळाला ठोके देणारा चांगला क्वार्ट्झ क्रिस्टल क्षणोक्षणी स्थिर असतो पण दिवसागणिक सरकतो. उपग्रहाच्या वेळेचं नेमकं उलटं. म्हणून क्रिस्टलला उपग्रहाच्या आधारे हळूहळू ताळ्यावर आणायचं. हाच जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसच्या शिस्तीतला ऑसिलेटर. सीडीएमए या जुन्या पद्धतीच्या मोबाइल टॉवरना तो लागायचाच, आणि टॉवर बदलले तसे जुने नग स्वस्तात बाजारात आले.

मोजणीची अडचण मात्र वेगळीच होती. जुन्या सीआरओवर, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या ऑसिलोस्कोपवर, ही पल्स जवळजवळ दिसतच नसे. स्वीप, म्हणजे रेघेची पडद्यावरची एक फेरी, नॅनोसेकंदांचा आणि पल्स सेकंदातून एकदाच. पडद्यावर इतका कमी वेळ उजेड पडायचा की खोली अंधारी करूनही रेघ हाती लागत नसे. काम वेळेतलं अंतर आकड्यात दाखवणाऱ्या काउंटरवरच भागवावं लागे. सिग्नल साठवून ठेवणारे डिजिटल स्टोरेज स्कोप आले आणि चित्र पालटलं. माझ्या मते हौशी माणसाच्या हाती ही मोजणी खऱ्या अर्थाने आली ती तेव्हाच.

आता स्कोपच्या एका चॅनेलवर जीपीएसडीओ लावायचा, त्याच्या पल्सच्या चढत्या कडेवर ट्रिगर, म्हणजे चित्र तिथून सुरू होतं. दुसऱ्यावर साधा जीपीएस रिसीव्हर. पर्सिस्टन्स (जुन्या रेघा पडद्यावर तशाच ठेवण्याची सोय) चालू ठेवून तासभर थांबलं की दुसरी कड पसरून जाड पट्टा होते. साध्या रिसीव्हरची पल्स त्याच्या स्वतःच्या क्लॉकच्या ठोक्यावरच पडू शकते, त्यामुळे ती काही नॅनोसेकंद इकडेतिकडे होत राहते. केबलच्या टोकाला ५० ओहमचा रोध (टर्मिनेशन) नसेल तर सिग्नल परत उसळतो, कडेवर लाटा उठतात आणि नेमकं कुठे मोजायचं तेच कळत नाही. केबलच्या दर मीटरमागे ५ नॅनोसेकंद जातात, म्हणून दोन्ही केबल सारख्या लांबीच्या घ्याव्यात.

दोन्ही रिसीव्हर जीपीएसवरच असले, तर दोघांची सामाईक चूक पडद्यावर दिसत नाही. त्यावर उपाय नाविकचा, म्हणजे भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन यंत्रणेचा: २९ मे २०२३ ला गेलेल्या तिच्या एनव्हीएस-०१ उपग्रहामध्ये भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे. एका चॅनेलवर निव्वळ नाविकची पल्स घेतली, की दोन कडांमधलं अंतर दोन स्वतंत्र यंत्रणांमधलं असतं.